जुनी वॅगनआर इलेक्ट्रिक करायला खरा खर्च किती?

औसेकर: वडिलांची 2009 ची पेट्रोल वॅगनआर आहे, बॉडी टकाटक पण इंजिन ऑइल खायलंय. एक जण म्हणायलाय दीड लाखात इलेक्ट्रिक करून देतो. रोज औसा-लातूर जाऊन-येऊन 40 किमी. परवडंल का?

गॅरेजवाला परभणी: दीड लाखात काय ई-रिक्षाची लेड ॲसिड बॅटरी टाकणार का तो 😀 15 युनिटची चांगली लिथियम घेतली, वर मोटर, कंट्रोलर, चार्जर, फिटिंग, तर 4-5 लाख धरून चाला. अन् लोकं विसरतात ते सांगतो, ब्रेकचा बूस्टर इंजिनच्या व्हॅक्यूमवर चालतो, इंजिन काढलं की पेडल दगड होतं, मग वेगळा व्हॅक्यूम पंप आला. एसीचा कॉम्प्रेसर पण बेल्टवरच फिरतो, तो बी बदला, नाहीतर मे महिन्यात काचा खाली करून फिरा.

नांदेडकर: आधी कागदाचं बघा. किट एआयएस 123 (जुन्या गाडीला इलेक्ट्रिक किट बसवायचं सरकारी मानक) प्रमाणे मंजूर पाहिजे अन् आरटीओत आरसीवर नोंद, नाहीतर क्लेमच्या टायमाला इन्शुरन्सवाले हात वर करतेत. 15 वर्षं होऊन गेली, आरसी रिन्यू केली का?

औसेकर: केलीय दादा. पण 5 लाख म्हणजे लईच झालं की.

गॅरेजवाला परभणी: हिशोब लावा ना. 15 चं ॲव्हरेज धरलं तर रोजचं पेट्रोल 280 च्या आसपास, लाइट 60 रुपयाची. सुट्ट्या सोडून महिन्याला साडेपाच हजार वाचले तरी 5 लाख फिटायला साडेसात वर्षं, तवर बॅटरी उतरायला लागंल. त्यापेक्षा इंजिन बांधून घ्या.