मदत हवी आहे: आत्मकथनातले दोन 'मी' कसे समजवावेत?

नमस्कार मंडळी. फोंड्यात आमच्या वाचन गटात सध्या कथेतर गद्य चाललंय. प्रतिमा-प्रतीक लवकर उमगतं: मांडवीतली फेरीबोट लेखात एकदा दिसली तर प्रतिमा, पुन्हा पुन्हा येऊन अर्थ वाढवत गेली तर प्रतीक. सूरही जमतो, फक्त विषयालाच सूर समजायचं नाही. खाणीवरच्या लेखात 'डोंगर खोदला' आणि 'डोंगर ओरबाडला' ही वाक्यं शेजारी ठेवली की क्रियापदातला फरक लगेच दिसतो.

गाडं अडतं ते निवेदकापाशी. डिसेंबर 1961 मध्ये, गोवामुक्तीच्या वेळी, रस्त्यावर लष्कराच्या गाड्या बघणारा दहा वर्षांचा मुलगा आणि साठीत ते लिहिणारा माणूस, दोघेही 'मी'च. 'तेव्हा वाटलं', 'आता कळतं' अशा जागी पेन्सिलीने खुणा करून घेतो. पण असे शब्दच नसले की वाचक म्हाताऱ्याची समज मुलाच्या पदरात टाकतात आणि अख्खा उतारा चुकीचा वाचला जातो.

अशा वेळी क्रियापदाचा काळ, शब्दसंपदा, वाक्याची लांबी, यांतलं आधी काय तपासायला सांगावं? शंभर-दीडशे शब्दांचे मराठी उतारेही कृपया सुचवा, शक्यतो गोव्यातले.