'स्कोप'ला मराठीत काय म्हणावं? आणि 'इनिशियलाइझ'ला?

खडूफळा
पॉलिटेक्निकच्या मुलांसाठी जेएसपीच्या (जावा भाषेतून वेबपानं बनवायची पद्धत) मराठी नोट्स लिहिते आहे. मुलं आसपासच्या गावांतली, शंका मराठीतच विचारतात. पेज, रिक्वेस्ट (ब्राउझरची एक मागणी), सेशन (एका वापरणाऱ्याची सलग भेट) आणि अ‍ॅप्लिकेशन हे चार स्कोप, म्हणजे प्रोग्रॅममधली गोष्ट कुठे आणि किती वेळ वापरता येते ते, समजावताना मी लिहिलं होतं, "अनुप्रयोग-व्याप्तीतील वस्तूचे प्रारंभीकरण एकदाच होते." वस्तू म्हणजे ऑब्जेक्ट, प्रोग्रॅममधला माहितीचा एक डबा; प्रारंभीकरण म्हणजे इनिशियलाइझ, तो वापरण्याआधीची तयारी. पहिल्या बाकावरच्या मुलीनं विचारलं, "मॅडम, ही वस्तू कुठून आणायची?" वर्ग हसला, मीही हसले, आणि घरी येऊन ते वाक्य खोडलं. पेपरात इंग्रजी शब्दच लिहायचेत, ते सोडा. मला फळ्यापाशी उभं राहून बोलता येईल असा शब्द हवाय.

तत्सम
व्याप्ती आणि प्रारंभीकरण, दोन्ही शब्द निर्दोष आहेत. व्याप्तीला तर न्यायशास्त्राची, म्हणजे न्यायदर्शनातल्या तर्काची, परंपरा आहे. मुलांना चार दिवस जड जाईल, मग सवय होईल. दिनांक आणि महापौर या शब्दांनाही लोक हसलेच होते.

बाराखडी
न्यायातली व्याप्ती म्हणजे जिथे धूर तिथे विस्तव, हा अटळ संबंध. त्याचा सेशनशी काय संबंध? सरळ 'हद्द' म्हणा. गुन्हा कुठल्या ठाण्याच्या हद्दीत घडला हे गावात शेंबड्या पोरालाही कळतं.

तत्सम
हद्द अरबी आहे. महाराजांनी राज्यव्यवहारकोश (कारभारातल्या फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा) उगीच करवून घेतला नव्हता.

बाराखडी
करवून घेतला खरा, पण पुढे पेशवाईतही फडणीस, चिटणीस आणि दफ्तर होते तिथेच राहिले. आपण दोघं आत्ता मराठीच बोलतोय ना?

रात्रपाळी
शब्दांचं नंतर बघू, आधी किस्सा ऐका. नोकरीचं पहिलं वर्ष, एका पतसंस्थेचं काम. मी सर्व्हलेटच्या (सर्व्हरवर रिक्वेस्टींना उत्तर देणारा जावा प्रोग्रॅम) क्लासमध्येच, मेथडच्या बाहेर, खातेक्रमांकाचं व्हेरिएबल ठेवलं. माझ्या मशीनवर सगळं छान. तिकडे दोन शाखांतून एकाच वेळी लॉगिन झालं आणि एका खातेदाराला दुसऱ्याची शिल्लक दिसली. सर्व्हलेटची प्रत एकच असते आणि सगळ्यांच्या रिक्वेस्टी वेगवेगळ्या थ्रेडमधून (एकाच वेळी चालणाऱ्या कामाच्या धाग्यांतून) तिच्यातूनच जातात. एकानं क्रमांक लिहिला, तो वाचायच्या आत दुसऱ्यानं त्यावर आपला लिहिला. आमचे सीनियर काका म्हणाले, "अरे, पाणपोईच्या माठात तू स्वतःचं सरबत कालवलंस." तेव्हापासून मला स्कोप म्हटलं की माठ आणि पेला दिसतो. माठ सगळ्यांचा, पेला ज्याचा त्याचा.

अर्धविराम
किस्सा भारी. पण गोंधळ शब्दात नसून इंग्रजीत आहे. स्कोप म्हणताना तिथे दोन गोष्टी एकत्र बांधल्यात. एक, नाव कुठून दिसतं. दुसरी, ऑब्जेक्ट किती वेळ जगतो. कंसातल्या व्हेरिएबलला हद्द शोभते. सेशनला मात्र 'मुदत' हवी. टॉमकॅटवर (जेएसपी चालवणारा सर्व्हर) काही बदललं नाही तर 30 मिनिटं हालचाल नसलेलं सेशन संपतं. ही हद्द नव्हे, मुदतच. रिक्वेस्टची मुदत उत्तर जाईपर्यंत, अ‍ॅप्लिकेशनची मुदत सर्व्हर खाली बसेपर्यंत.

तत्सम
मुदतही अरबीच.

अर्धविराम
मग मुदत ठेव मोडा आणि 'कालमर्यादा निक्षेप' काढा. बँकेत काय म्हणतात ते आम्हाला कळवा.

ओसरी
माझ्या मते गणपतीइतकं चपखल काहीच नाही. मूर्ती घरी आणली, म्हणजे कन्स्ट्रक्टर (ऑब्जेक्ट घडवणारा कोड) चालला. पण अजून ती मातीच. प्राणप्रतिष्ठा झाली की इनिशियलाइझ, त्याआधी आरतीला उभं राहायचं नाही. दीड दिवसाचा, पाच दिवसांचा, दहा दिवसांचा हा स्कोप. उत्तरपूजा म्हणजे डिस्ट्रॉय. स्प्रिंगमध्ये (जावा प्रोग्रॅमसाठीची तयार चौकट) काही सांगितलं नाही तर बीन (स्प्रिंग सांभाळतं तो ऑब्जेक्ट) सिंगलटन, म्हणजे एकच, देवघरातला, कायमचा. आणि प्रोटोटाइप घेतला तर स्प्रिंग दर वेळी नवी मूर्ती हातात देतं आणि विसरून जातं. विसर्जन तुमचं तुम्ही बघा. इथे किती जण पाण्यापर्यंत जातच नाहीत, ते सर्व्हरची मेमरी सांगते.

खडूफळा
ओसरी, मस्त आहे, पण माझ्या वर्गात सगळ्यांच्या घरी गणपती बसत नाही. माठ-पेला घेते. रात्रपाळी, आभार. इनिशियलाइझचं मात्र राहिलंच.

पीएचपीवाला
आमच्या पीएचपीत (वेबपानांची दुसरी भाषा) हा वादच नाही. दर रिक्वेस्टला चूल नव्यानं पेटते, उत्तर गेलं की राख. माठबिठ हवा असेल तर बाहेर डेटाबेसमध्ये नाहीतर कॅशेमध्ये (तात्पुरत्या साठ्यात) ठेवा.

रात्रपाळी
इनिशियलाइझला आमच्या टीममध्ये कुणीच काही म्हणत नाही. "ऑब्जेक्ट भरलाय का?", "नल (रिकामा) आला", "बीन उचलला नाही", एवढ्यावर भागतं.

बाराखडी
'भरणे' चूक. भरणं म्हणजे डेटा. इनिशियलाइझ म्हणजे दुकान मांडणं. शटर उघडलं, पाणी शिंपडलं, तराजू लावला, उदबत्ती फिरवली. 'मांडामांड' म्हणा. सर्व्हर उठताना सगळी मांडामांड करून ठेवायची की पहिलं गिऱ्हाईक आल्यावर, हाच तर खरा प्रश्न असतो. सर्व्हलेटला लोड-ऑन-स्टार्टअप (सर्व्हरबरोबरच उठ, ही सूचना) दिलं नाही तर बहुतेक वेळा पहिली रिक्वेस्ट येईपर्यंत मांडामांड होत नाही. म्हणजे भवानीच्याच गिऱ्हाइकाला ताटकळत ठेवायचं. आमच्या किराणा दुकानात आजोबांनी असं कधी होऊ दिलं नसतं.

ओसरी
आणि उठतानाच सगळं मांडायचं ठरवलं तर सर्व्हर उठायलाच चार मिनिटं घेतो. तेवढ्यात आम्ही चहा पिऊन येतो. पण निदान कॉन्फिगरेशनमधली चूक तेव्हाच कळते, गिऱ्हाइकासमोर नाक कापलं जात नाही.

वऱ्हाडी
भवानी कुठली? आमच्याकडे बोहनी म्हणतात. सकाळी सकाळी बोहनीचं गिऱ्हाईक परत जाऊ देत नाहीत, दोन रुपये कमी घेतात.

तत्सम
बोहनी हिंदी. भवानी हे देवीचं नाव, पहिली विक्री तिच्या चरणी, म्हणून भवानी.

बाराखडी
की बोहनीचंच कुणीतरी भक्तिभावानं भवानी केलं? लोकांना ओळखीचं नाव ऐकू येतं.

तत्सम
पुरावा?

अर्धविराम
बरं, मघाशी 'बीन उचलला' लिहिलंत. ती बीन ना? नागोबासमोर वाजवतात ती बीन स्त्रीलिंगी.

रात्रपाळी
जावातला बीन कॉफीच्या बियांवरून आलाय, पुंगीवरून नाही. आणि ऑफिसात तो 'तो'च आहे.

वऱ्हाडी
मग बी म्हणा ना. बी पेरली, उगवली. तुमचं इनिशियलाइझही त्यातच आलं.

खडूफळा
नोट्स उद्या झेरॉक्सला द्यायच्यात. सध्या 'स्कोप' तसाच ठेवलाय, कंसात माठ आणि पेल्याचं चित्र काढलंय. मांडामांड पेन्सिलनं लिहिलीय. ऑब्जेक्ट मात्र 'तो' की 'ते', कुणी सांगेल का? एकाच पानावर दोन्ही झालंय.