पुस्तकं, दिवाळी अंक, नाटकं... सगळ्याची एकत्र नोंद कशी ठेवता?

खिडकीतली_चिमणी:
नमस्कार मंडळी, घरात बाबांची नि माझी मिळून सहाशेच्या आसपास पुस्तकं आहेत, दोन ट्रंका भरून दिवाळी अंक, आणि १९८३ पासूनची नाटकांची तिकिटं बाबांनी डब्यात जपून ठेवलीयत. इंग्रजी पुस्तकं मी गुडरीड्सवर टाकते, सिनेमे लेटरबॉक्स्डवर, पण जुन्या मराठी पुस्तकांना ना बारकोड ना आयएसबीएन (पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक), मागे नुसती किंमत छापलेली, पंधरा रुपये. नाटकांना तर कुठेच जागा नाही. आधी एक अ‍ॅप वापरायचे, ते बंद पडलं आणि तीन वर्षांच्या याद्या गेल्या, तेव्हापासून धास्तीच बसलीय. आणि याद्या मला माझ्या हव्यात, म्हणजे 'बाबांनी पेन्सिलीने खुणा केलेली', 'उसनी दिलेली', 'पावसाळ्यात परत वाचायची' अशा. काय करू?

घाटमाथा:
सरळ गूगल शीट कर. एक ओळ म्हणजे एक वस्तू, मग ते पुस्तक असो, अंक असो की नाटक, 'प्रकार' म्हणून कॉलम ठेवायचा. प्रत्येक यादीची वेगळी शीट अजिबात करू नकोस, मी केली होती, एकच पुस्तक चार ठिकाणी आणि एकीकडे दुरुस्त केलं की बाकी तीन चुकीची. त्यापेक्षा एका कॉलमात टॅग लिही, उसनी, खुणा, पावसाळा, आणि फिल्टर लावला की यादी तयार. गुडरीड्स, लेटरबॉक्स्ड दोन्हीकडून सीएसव्ही, म्हणजे साध्या मजकुरातली तक्त्याची फाइल, उतरवून घेता येते, ती महिन्यातून एकदा घेत जा. फक्त एक्सेलमध्ये डबल क्लिक करून उघडलीस तर मराठीची जागा भलत्याच चिन्हांनी भरते, डेटा मेनूतून इम्पोर्ट करून यूटीएफ-८ (मराठी अक्षरं नीट वाचणारं एन्कोडिंग) निवड.

जुनी_नोंदवही:
मी कॉलेजच्या ग्रंथालयात होते, तिथली एक सवय सांगते. प्रत्येक वस्तूला दाखल क्रमांक द्या, १ पासून पुढे, आतल्या पानावर पेन्सिलीने लिहा आणि पुस्तक हरवलं तरी तो नंबर दुसऱ्याला देऊ नका. अ‍ॅप बंद पडो नाहीतर शीट उडो, नंबर पुस्तकावरच राहतो. जागाही लिहा, कपाट २ खण ३ अशी. तुमच्या याद्यांबद्दल वाचून ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन आठवले, त्यांची १९३३ची पुस्तकांच्या वर्गीकरणाची कोलन पद्धत हेच सांगते की एका पुस्तकाला अनेक बाजू असतात, एकाच खणात कोंबू नका. दिवाळी अंकांना मात्र वर्ष हवंच, नाव तेच राहतं, वर्षाशिवाय अंक सापडत नाही. आतला प्रत्येक लेख नोंदवू नका, दमाल, परत शोधाल असं वाटतं तेवढंच. आणि दहा आकडी आयएसबीएन असेल तर जसाच्या तसा लिहा, २००७ पासून तो तेरा आकडी झाला पण पुढे नुसतं ९७८ लावून चालत नाही, शेवटचा आकडा बदलतो.

शून्य_रुंदी:
एक महत्त्वाचं राहिलं. 'दुसऱ्या', 'वाऱ्या' असे शब्द दोन तऱ्हांनी टाइप होतात, एकात नुक्त्याचा, म्हणजे खाली टिंब असलेला, ऱ असतो आणि दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि मध्ये न दिसणारं जोडचिन्ह. डोळ्यांना सारखंच दिसतं पण सर्चमध्ये एक टाकलं की दुसरं सापडत नाही, मी अर्धा तास पुस्तक नाहीच समजून बसलो होतो. म्हणून घरात सगळ्यांनी एकच कीबोर्ड वापरा. आणि लेखकाचं आडनाव वेगळ्या कॉलमात.

खिडकीतली_चिमणी:
सगळ्यांचे खूप आभार! रविवारी बसलो, चाळीस पुस्तकं नंबरासकट झाली. तिकिटांचं वेगळंच निघालं, कित्येकांवर नाट्यगृह, तारीख आणि खुर्चीचा नंबर आहे पण नाटकाचं नावच नाही. बाबांना एकेक तिकीट हातात दिलं तर ते नाव तर सांगतातच, वर त्या दिवशी शेजारी कोण बसलं होतं तेही, आजी, आत्या, एकदा तर मी, सहा वर्षांची. म्हणून एक कॉलम वाढवलाय, 'सोबत कोण'.