आईचं पोट साफ होत नाही, घरी नक्की काय करायचं? (ऐरोली, वय ८२)

नमस्कार मंडळी, जेवत असाल तर हे नंतर वाचा. विषयच तसा आहे.

आई ८२ वर्षांची, वजन जेमतेम ४५ किलो. दीड महिन्यापूर्वी बाथरूममध्ये घसरली, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. ते चांगलं झालंय, वॉकर धरून बेडरूममधून हॉलपर्यंत येते. आम्ही ऐरोलीत राहतो, बायको सकाळी ठाण्याला जॉबला जाते, मी आठवड्यातले तीन दिवस घरून काम करतो आणि बाकी दिवस ब्यूरोची मावशी असते.

डिस्चार्जच्या वेळी गोळ्यांची पिशवीच मिळाली होती. दुखण्यासाठी ट्रॅमाडॉलवाली गोळी, कॅल्शियम, हिमोग्लोबिन कमी म्हणून लोहाची गोळी, बीपीची आधीपासूनची. यातल्या पहिल्या तिन्ही गोळ्यांनी पोट बांधलं जातं हे आम्हाला कुणी सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही. मी रोज सकाळी 'आई, झालं का गं?' विचारायचो आणि ती रोज 'झालं रे' म्हणायची. मुलाशी परसाकडेचं काय बोलायचं असं तिचं. मावशीला वाटायचं सकाळी मी असताना झालं असेल, मला वाटायचं दुपारी मावशी असताना. असे आठ दिवस गेले.

मग एकदम पातळ सुरू झालं. दिवसातून पाच-सहा वेळा, थोडं थोडं, तिला कळायच्या आत कपड्यात. मला वाटलं जुलाब, आदल्या दिवशी शेजारच्या काकूंनी साबुदाण्याची खिचडी दिली होती तर मनातल्या मनात त्यांना दोषही देऊन झाला (काकू, सॉरी). मेडिकलमधून जुलाब थांबायच्या गोळ्या आणल्या आणि दोन दिल्या. दुसऱ्या रात्री पोट नगाऱ्यासारखं ताठ, लघवी होईना, आणि आई मला माझ्या मामाच्या नावाने हाका मारायला लागली. मी हादरलो, म्हटलं हे डोक्यात काहीतरी झालंय.

आमचे फॅमिली डॉक्टर रात्री साडेदहाला घरी आले, ग्लोव्ह घालून तपासलं आणि म्हणाले, अहो जुलाब कसले, आत घट्ट मळाचा खडा अडकलाय आणि मागचं पातळ त्याच्या कडेने झिरपतंय. लघवीही त्याच्याच दाबाने अडली होती, आणि या वयात एवढ्यानेसुद्धा माणूस भ्रमिष्टासारखं बोलतो म्हणाले. नर्स बोलावली, तिने एनिमा दिला, बोटाने थोडं थोडं करून काढलं. पाऊण तास लागला. आई भिंतीकडे तोंड करून माझा हात धरून होती, एकदाही 'आई गं' म्हणाली नाही. सगळं झाल्यावर म्हणाली, चहा टाक.

आता परिस्थिती अशी की ऑर्थोवाल्यांना फोन करून ट्रॅमाडॉल बंद केलं, नुसती पॅरासिटामॉल चालू आहे, लोहाची गोळी एक दिवसाआड केलीय. रात्री लॅक्टुलोज (पोट साफ व्हायचं सिरप) १५ मिली. पण आई पाणी पीतच नाही, दिवसभरात दोन-अडीच पेले. का ते काल रात्री कळलं, मावशीला म्हणाली होती की पाणी प्यायलं की रात्री उठावं लागतं, मग सुनेला उठवायचं, ती पहाटे उठून डबा करते बिचारी.

तर पाणी कसं पाजायचं हा पहिला प्रश्न. नातेवाईकांपैकी एक जण इसबगोल म्हणतो, एक एरंडेल, एक म्हणतो गरम दुधात तूप, कुणाचं ऐकू? लॅक्टुलोज चार दिवस दिलं तर गॅस भरपूर आणि काम एकदाच, बंद करू का? आणि कमोडवर बसवलं की 'होत नाही' म्हणून दोन मिनिटांत उठते त्याचं काय करायचं?

नेरुळवाली सून

दादा, आमच्या सासऱ्यांना पार्किन्सन होता, सात वर्षं हेच केलंय. वेळ बांधा. सकाळचा चहा-नाश्ता झाला की अर्ध्या तासाच्या आत बसवायचं, पोटात काही गेलं की आतडी आपोआप हलतात तेव्हा तो मोका घालवायचा नाही. पायाखाली पाट द्या, गुडघे कमरेच्या वर आले पाहिजेत. पण खुब्याचं ऑपरेशन ताजं आहे तर आधी फिजिओला विचारा, काही ऑपरेशनांत इतकं वाकायला मनाई असते. दहा मिनिटं, जास्त नाही, आणि कुंथायला लावू नका, म्हाताऱ्या माणसाला कुंथताना चक्कर येते. आणि दार ओढून घेऊन तुम्ही बाहेर थांबा हो. समोर मुलगा उभा असताना कुणाला होणार?

कळवेकर

एक चमचा एरंडेल द्या, सकाळी मोकळं. आमची आजी ९० पर्यंत घ्यायची.

वॉर्डातली ताई

मी नर्स आहे. एरंडेल नको, पोटात कळ येऊन घाईघाईत उठायला जाईल आणि परत पडेल. इसबगोलही आत्ता नको, ते पाणी शोषून फुगतं, सोबत पेलाभर पाणी लागतंच, दिवसाला दोन पेले पिणाऱ्या आणि फारसं न चालणाऱ्या पेशंटला त्याने उलटा बोळा बसतो. पोट साफ व्हायचं पॅराफिनवालं (तेलकट) सिरप आडवं पडून तर कधीच देऊ नका, ठसका लागून फुफ्फुसात गेलं तर न्यूमोनिया होतो.

लॅक्टुलोज बंद करू नका. परिणामाला एक-दोन दिवस लागतात, रोज दिलं तर चालतं, 'लागेल तेव्हा' दिलं तर नाही. गॅस सुरुवातीला होतोच. डोस वाढवायचा किंवा औषध बदलायचं ते डॉक्टर ठरवतील, फक्त पातळ झालं म्हणून पुन्हा थांबायची गोळी मनाने देऊ नका. तीन दिवस झालं नाही तर फोन करायचा. उलटी, पोट फुगून गॅसही सरत नाही, रक्त, किंवा डांबरासारखं काळं चिकट घाण वासाचं, यात थांबायचं नाही, लगेच घेऊन जायचं. लोहाच्या गोळीने नुसता काळपट रंग येतो, त्याला घाबरू नका.

पाण्याचं म्हणाल तर हार्ट किंवा किडनीचा त्रास नाही ना ते आधी डॉक्टरांना विचारा. नसेल तर सगळं पाणी संध्याकाळी पाचच्या आत संपवा, म्हणजे रात्रीचं उठणं वाढणार नाही. पाणीच पाहिजे असं नाही, ताक, मुगाचं कढण, टोमॅटोचं सार, सगळं धरायचं.

धागाकर्ता

सगळ्यांचे खूप आभार, ताई तुमचे विशेष. हार्ट-किडनीचं काही नाही, डॉक्टरांना विचारलं. फिजिओ म्हणाले पाट चालेल पण बुटका, आणि पुढे फार झुकवू नका, तर देवघरातला छोटा पाट आईनेच काढून दिला, म्हणाली देवाला दुसरा आणा. ताक सकाळी ११ ला आणि सार दुपारी ४ ला, मावशीच्या ड्यूटीत लिहून टाकलंय. आणि पलंगाशी बिनतारी बेल लावली, तिचा आवाज माझ्या उशाशी वाजतो, बायकोच्या नाही. आईला तेवढं सांगितल्यावर संध्याकाळी स्वतःहून अर्धा पेला मागितला.

'झालं का' विचारणं बंद केलं. कालनिर्णयवर आई दुधाचे खाडे मांडते, तिथेच आता हेही पेन्सिलने मांडते. या आठवड्यात तीन खाडे, त्यातले दोन लागोपाठ.

एक राहिलं. आमचा कमोड तिला बुटका पडतो, उठताना खुब्यावर जोर येतो. ऐरोली-घणसोलीकडे कुणाकडे उंची कमी-जास्त होणारी कमोड चेअर वापरून पडून असेल तर मेसेज करा, विकत किंवा भाड्याने, मी येऊन घेऊन जाईन. चाकं नसलेली हवी.