मदत हवी आहे: जुन्या-नव्या मराठी सिनेमांच्या जोड्या सुचवा

मंडळी, सोसायटीच्या हॉलमध्ये दर महिन्याला एक जुना आणि एक नवा मराठी सिनेमा लागोपाठ दाखवायचं ठरतंय. ज्येष्ठांचं ठाम मत की हल्लीच्या सिनेमात जीवच नसतो, पोरांच्या मते जुनं सगळं रटाळ. मला दोन्ही पटत नाही.

पहिली जोडी ठरली आहे: 'उंबरठा' (१९८२) आणि 'सैराट' (२०१६). 'उंबरठा'मध्ये नवरा दुसऱ्या बाईबद्दल सांगतो तेव्हा स्मिता पाटील आकांडतांडव करत नाही, सगळं चेहऱ्यावर वाचायचं. आणि 'सैराट'च्या शेवटी आवाजच काढून घेतलाय. तीन तास अजय-अतुलचं संगीत ऐकल्यावर ती शांतता आणि लहानग्याची ती रक्ताची पावलं... याला उथळ कोण म्हणेल?

पुढच्या जोड्यांसाठी नावं हवीत. शक्यतो एक १९८५ च्या आधीचा, एक २०१० नंतरचा, विषय थोडाफार जुळणारा. बाप-मुलगा किंवा म्हातारपण असेल तर उत्तम. 'माहेरची साडी' छापाचं कृपया नको, हुंदके मोजून खोली ठरत नाही (आमच्या काकूंना हे पटणार नाही, असो).

जुन्यांची बऱ्यापैकी स्वच्छ प्रिंट कुठे मिळेल? आणि सोसायटीत दाखवायला परवानगी कोणाकडे मागायची?