आजारी माणूस मदतीला पात्र आहे का, हे ठरवताना आशाताई आणि पीएचसीच्या (प्राथमिक आरोग्य केंद्राच्या) डॉक्टरांना विचारावं का?

तिफण (घाटंजी तालुका)
गेल्या वर्षी शेजारच्या सालदाराच्या बायकोला गर्भाशयमुखाचा कॅन्सर निघाला. महात्मा फुले योजना १ जुलै २०२४ पासून सगळ्या राशन कार्डधारकांना लागू आहे, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत मोफत उपचार. पण या बाईचं नाव माहेरच्या कार्डातून कटलं होतं आणि सासरच्या कार्डात चढलंच नव्हतं. मुख्यमंत्री सहायता निधीसाठी अर्ज करायचा तर १ लाख ६० हजारांच्या आतला उत्पन्नाचा दाखला हवा. पटवारी, सेतू, तहसील. चार फेऱ्या, चार दिवसांची मजुरी गेली आणि नाव चढायला दीड महिना लागला. तोवर उपचार थांबलेला.

तिला तपासणीला घेऊन गेली ती गावची आशाताई. त्या घरात कोण कमावतं, किती खाणारे आहेत, सगळं तिला ठाऊक. तिला मात्र कुणी विचारलं नाही. माझं म्हणणं असं की आशा, उपकेंद्राचे आरोग्य अधिकारी आणि पीएचसीचे डॉक्टर, या तिघांच्या सहीवर ६० दिवसांची तात्पुरती पात्रता द्यावी. कागद मागून येऊ द्या. क्षयरोग्याला निक्षय पोषणचे पैसे (नोव्हेंबर २०२४ पासून महिन्याला १,००० रुपये) आरोग्य खात्याच्या नोंदीवरच मिळतात ना? तिथं तहसीलदाराची गरज पडत नाही.

सालई
दादा, तुमचा हेतू चांगला आहे, पण मी ११ वर्षांपासून आशा आहे आणि मला हे नको. घरकुलाच्या यादीच्या वेळी ग्रामसेवकांसोबत मी फक्त घरं दाखवत फिरले होते. यादीत नाव न आलेल्या दोन घरांनी सहा महिने माझ्यासाठी दार उघडलं नाही. एका घरात गोवराच्या लसीचं लेकरू होतं. मी रोज अंगणातून परत यायची. सही माझ्या हाती दिली तर अशी दोन नाही, वीस घरं होतील. मी त्याच गावात राहते, सरपंचाच्या विहिरीवरून पाणी भरते. तहसीलदाराची तीन वर्षांनी बदली होते, माझी होत नाही.

वर्धाकाठ
तहसीलमध्ये ३१ वर्षं नोकरी केली. लोक आमच्यावर रागावतात, तो राग बऱ्याचदा रास्तही असतो. तरी दाखला नाकारला तर वर अपील करता येतं, फाइल राहते, कुणी सही केली ते दिसतं. दवाखान्याच्या ओट्यावर ठरलेल्या पात्रतेची फाइल कोण ठेवणार? आयुष्मान भारतचा कॅगचा २०२३ चा अहवाल आठवा. एकाच मोबाइल क्रमांकावर साडेसात लाखांच्या आसपास लाभार्थी नोंदलेले निघाले. तपासणी सैल झाली की आधी दलाल पोचतो, आजारी माणूस मागून.

आणि तातडीच्या रुग्णासाठी फोनवरून मंजुरी घ्यायची सोय महात्मा फुले योजनेत आहेच.

तिफण
ती सोय अपघाताला, हार्ट अटॅकला. कॅन्सर महिनाभर वाट पाहतो असं दिसतं, म्हणून त्याला कुणी तातडीचा म्हणत नाही.

धुऱ्यावरचा
साहेब, फाइलीचं सांगता तं ऐका. संजय गांधी निराधारले वर्षाची कमाई २१ हजाराच्या आत पाह्यजे. मले दिवसाले ३०० भेटते. ७० दिवस कामाले गेलो का झाले २१ हजार. मंग बाकीचे दिवस आमी जेवत नाही का? दाखल्यावर २० हजार लिवून देते, सबन गावाले मालूम हाय. खोटं लिवाचं तुमी आमाले शिकवलं. आता थेच खोटं आशाताईच्या हातानं लिवून घेता का? पयले तो आकडा बदलवा.

वर्धाकाठ
आकड्याचं तुमचं बरोबर आहे. ते दाखले मी स्वतः पुढे पाठवले आहेत आणि त्याचं समर्थन करत नाही.

पळसफूल
मी गडचिरोलीत पीएचसीला डॉक्टर आहे. अमेरिकेत मेडिकेडसाठी (गरिबांच्या उपचारांची तिथली सरकारी योजना) अशी पद्धत आहे. २०१४ पासून तिथली रुग्णालयं मोजकी माहिती विचारून रुग्णाला तात्पुरतं पात्र ठरवू शकतात, पूर्ण अर्ज नंतर होतो. कल्पना चांगली आहे. पण आपल्याकडे ही मुभा खासगी रुग्णालयाला दिली तर ज्याला बिल मिळणार तोच पात्रता ठरवणार, हे मला अजिबात मान्य नाही.

पीएचसीबद्दल बोलायचं तर मी आजार सांगू शकतो, किती दिवसांत उपचार सुरू व्हायला हवा हे लिहून देऊ शकतो. गरिबी मोजायला मला लावू नका. ज्या दिवशी मी ती मोजायला लागेन, त्या दिवशी रुग्ण माझ्यापुढे दारू, तंबाखू, घरातली कमाई, सगळंच लपवायला लागेल. मग निदान कशावर करू?

पांदण
सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयाची ज्वारी घेऊन चालणारी विमा योजना आमच्या वडिलांच्या पिढीला माहीत आहे. सुगीनंतर घराघरातून ऐपतीप्रमाणे ज्वारी जमा व्हायची. कोणाची ऐपत किती, हे गावालाच माहीत असतं. म्हणून म्हणतो, एकट्या आशाताईवर टाकू नका, ग्रामसभेत ठरवा.

सालई
ग्रामसभेत कॅन्सर, एड्सची नावं वाचणार का? कोणती बाई येईल?

तिफण
ताई, तुमचा अंगणाचा अनुभव वाचून मी माझी सूचना बदलतो. "अपात्र" लिहायचा अधिकार तुमच्याकडे नसावाच, तो तहसीलदाराकडेच राहू द्या. तुम्ही फक्त "हो" म्हणायचं.

सालई
जिच्यासाठी "हो" म्हटलं नाही ती विचारणारच ना, मला का नाही? दादा, सही नको. मी एवढं करीन: अमक्या तारखेला या बाईला तपासणीला पाठवलं, आजार निघाला, कार्डात नाव नाही. हे ज्यांना ज्यांना पाठवीन त्या सगळ्यांचं लिहीन, गरीब असो की पाटील. डॉक्टरांनी खाली किती दिवसांत उपचार पाहिजे ते लिहावं. तेवढ्या दिवसांत तहसीलमधून उत्तर आलं नाही तर तिला पात्रच धरावं.

वर्धाकाठ
मुदत उलटली की पात्र धरायचं असेल तर शासन निर्णय लागेल. पण त्या कागदावर आवक क्रमांक पडला, तर तो कुणाच्या टेबलावर किती दिवस पडून होता हे दिसेल. याला माझा विरोध नाही.