मदत हवी आहे: पाऊल उचलत नाही, नस कमरेत दबली आहे की गुडघ्यापाशी?

नमस्कार. माझे वडील (वय 62, मधुमेह आहे) रत्नागिरीजवळ आंब्याची बाग सांभाळतात. यंदाच्या हंगामात त्यांच्या कमरेतून उजव्या पायात कळ जाऊ लागली आणि गेला महिनाभर ते पाऊल नीट वर उचलत नाही. पाखाडी चढताना चप्पल निसटते, अंगठा वर करायला सांगितला तर तो जागचा हलत नाही, आणि पावलाची वरची बाजू बधिर आहे. लघवी-शौचावरचा ताबा सुदैवाने शाबूत आहे. एमआरआयमध्ये चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली गादी सरकलेली दिसल्यामुळे शस्त्रक्रियेचा सल्ला मिळाला आहे.

माझी शंका अशी, की वडील पडवीत तासन्‌तास उकिडवे बसून आंब्याची प्रतवारी करतात, पेट्या भरतात. अशा बैठकीत गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाने जाणारी पेरोनियल नस दबू शकते आणि तिच्या दाबानेही पाऊल असेच लुळे पडते. उलट सरकलेली गादी, कमर कधीच न दुखलेल्या माणसांच्या एमआरआयमध्येही सर्रास दिसते.

हा गुंता एनसीव्ही (नसेतून विजेचा संदेश किती वेगाने जातो ते मोजणारी) आणि ईएमजी (स्नायूत बारीक सुई घालून केली जाणारी) तपासणीने सुटावा, असे वाचनावरून वाटते. नस गुडघ्यापाशी दबली असेल, तर विजेचा संदेश बहुधा तिथेच मंदावतो किंवा अडतो. कमरेच्या पाचव्या मणक्याची नसमुळी (मणक्यापाशी नसेचा उगम) दुखावली असेल, तर नितंबाचा ग्लुटियस मीडियस आणि पोटरीच्या आतला टिबियालिस पोस्टेरियर या, पेरोनियल नसेशी संबंध नसलेल्या, स्नायूंतही सुईला दोष सापडू शकतो. पायाच्या स्नायूंत हे बदल उमटायला साधारण तीन आठवडे लागतात, म्हणजे वेळ आता योग्य आहे. मात्र ही तपासणी वेदना मोजत नाही आणि ती निर्दोष आली म्हणून नसमुळी ठीक आहे असेही सिद्ध होत नाही.

आमच्या डॉक्टरांनी फक्त एनसीव्ही लिहून दिली आहे. सुईची तपासणी मुद्दाम मागून घ्यावी का, आणि वरचे दोन स्नायू तपासा असे रुग्णाच्या नातेवाइकाने सुचवणे रीतीला धरून होईल का? मधुमेहाने दोन्ही पायांच्या नसा आधीच मंदावल्या असतील, तर अहवालातून दाबाची जागा कशी ओळखतात? वडील रक्त पातळ करणारी गोळी घेतात; ती सुईपूर्वी थांबवावी लागते का? आंबा घाट ओलांडून कोल्हापूरला एकाच खेपेत सारे उरकायचे आहे, म्हणून ज्यांनी दोन्ही तपासण्या करून घेतल्या आहेत किंवा जे या क्षेत्रात काम करतात, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.